शस्त्रक्रियेनंतर झोप येत नाही, मेलाटोनिन घेऊ का?

भूलतज्ज्ञाकडे येणारा हा प्रश्न जुनाच, फक्त दर वेळी कुणीतरी ‘खात्रीने’ सांगितलेली नवी माहिती सोबत असते.

मेलाटोनिन म्हणजे झोपेची गोळीच ना?
नाही. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी ते स्रवते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं.

शस्त्रक्रियेला चार दिवस झाले, झोप सारखी मोडते. सुरू करू?
पहिल्या काही रात्री असं होतंच. दुखण्याने जाग येत असेल तर आधी दुखणं आवरायला हवं. मेलाटोनिनचा काहींना थोडा उपयोग होतो, काहींना अजिबात नाही. शल्यचिकित्सकांना विचारून ठरवा.

वडील ७८ वर्षांचे. ऑपरेशननंतर रात्री असंबद्ध बोलतात, खाटेवरून उतरू पाहतात. मेलाटोनिन द्यावं, की काका म्हणतात ती घरातली झोपेची गोळी?
दोन्ही नको. आत्ताच डॉक्टरांना फोन करा. हा निद्रानाश नाही, डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणारा मानसिक गोंधळ असू शकतो. त्यामागे जंतुसंसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, तुंबलेली लघवी, घटलेलं सोडियम किंवा एखादं औषध असतं. ते शोधायचं सोडून माणसाला गुंगीत ठेवायचं, हे मला पटत नाही. अल्प्राझोलामसारख्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी वृद्धांचा गोंधळ वाढतो, आणि ट्रामाडोलसारखं तीव्र वेदनाशामक चालू असेल तर श्वासही मंदावू शकतो. डिलिरियम टाळण्यासाठी मेलाटोनिन देऊन पाहिलं गेलंय, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांचा चष्मा, कानाचं यंत्र त्यांना द्या, दिवसा उजेडात बसवा, रात्री ओळखीचं माणूस जवळ राहू द्या. ‘सकाळी बघू’ म्हणत थांबू मात्र नका. काकांना माझं नाव सांगा हवं तर.

मेलाटोनिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) ‘नैसर्गिक’ आहेत, मग धोका काय?
‘नैसर्गिक’ हा जाहिरातीचा शब्द आहे. २०१७ साली कॅनडात ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा लेबलवरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत मेलाटोनिन निघालं, काहींत सेरोटोनिन हे मेंदूवर परिणाम करणारं दुसरं रसायनही. शिवाय जास्त डोस म्हणजे जास्त झोप नव्हे, दुसऱ्या दिवशीची सुस्ती मात्र वाढू शकते. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) किंवा फ्लुवोक्सामिन (नैराश्यावरचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

मी आधीपासून घेते. ऑपरेशनपूर्वी सांगायला हवं?
हो. पाकीटच घेऊन या.