सहा पंखे असूनही ग्राफिक्स कार्ड ८४ अंशांवर जातं; आणखी पंखे लावू की लिक्विड कूलर घेऊ?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो. आय५-१२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, समोरून काचेचं कॅबिनेट, पुढे तीन, वर दोन आणि मागे एक असे सहा आरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखे. डिसेंबरात गेम खेळताना कार्ड ७० च्या आसपास असायचं, आता मे महिन्यात नागपुरात ८४ ला टेकतंय. दुकानदार आणखी तीन पंखे किंवा लिक्विड कूलर घ्या म्हणतोय. मी पीसी जोडणीचं आणि दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: आत्ता दोन्हींवर एक रुपयाही घालू नका.

पंखा हवा गार करत नाही. खोलीतली हवा आत ओढायची आणि तापलेली बाहेर काढायची, एवढंच त्याचं काम. त्यामुळे खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश कार्डही वर चढतं. डिसेंबरात तुमची खोली २२ अंशांवर असेल आणि आता खोलीतला कूलर लावूनही ३४ वर असेल, तर वाढलेल्या १४ अंशांपैकी १२ खोलीचेच झाले. ते कुठलाही पंखा उतरवणार नाही. तरीही तुमच्या मशिनमध्ये सुधारणेला भरपूर जागा आहे असं मला वाटतं, आणि ती जागा समोरच्या काचेत आहे.

थोडा हिशोब करू. ३०६० कार्ड १७० वॅटपर्यंत वीज घेतं. प्रोसेसर आणि बाकीचं धरून गेममध्ये सगळं मिळून ३०० वॅटच्या आत राहतं. ३०० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि आतली हवा खोलीपेक्षा फक्त १० अंशांनी जास्त तापू द्यायची, तर सेकंदाला साधारण २६ लिटर हवा बदलावी लागते. पंख्याच्या खोक्यावर छापतात त्या मापात हे सुमारे ५५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) होतं. १२० मिमीच्या चांगल्या एका पंख्यावरही एवढा आकडा लिहिलेला सापडतो. अर्थात तो मोकळ्या हवेतला असतो. जाळी, फिल्टर, काच मध्ये आली की बराच घसरतो. तो निम्म्यावर आला असं धरलं तरी तुमचे पुढचे तीन पंखे पुरून उरायला हवेत. पंख्यांची संख्या तुम्हाला कधीच कमी पडलेली नाही.

काचेच्या पॅनेलमध्ये हवा आत येते ती बाजूच्या बोटभर फटीतून. स्वयंपाकघराच्या खिडक्या-दारं लावून घेतली आणि एक्झॉस्ट फॅनला आणखी दोन जोडले तर धूर लवकर जाईल का? आत यायला वाट नसेल तर बाहेर जाणार काय?

हे माझ्या शब्दावर मानू नका, मोजून बघा. तोच गेम, तोच भाग, २० मिनिटं चालवा आणि कार्डाचं तापमान लिहून ठेवा. मग समोरचं पॅनेल काढून तेच पुन्हा करा. तिसऱ्या वेळी बाजूची काचही काढा. तिन्ही वेळा खोलीतला कूलर सारखाच चालू हवा, नाहीतर तुलना फसते. समोरचं पॅनेल काढल्यावर पाच-सात अंश उतरले, तर दोष काचेचा. दोन्ही काढूनही फरक पडला नाही, तर दोष कार्डातच आहे: हीटसिंकमध्ये (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पात्यांत) साठलेली धूळ, चिप आणि हीटसिंकमधली वाळलेली थर्मल पेस्ट किंवा कार्डाचा मंद फिरणारा पंखा. तेव्हा कॅबिनेटशी खटपट करण्यात अर्थ नाही.

आता दिशा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. आरजीबी पंख्यांत मात्र घोळ होतो, कारण दिसायला छान म्हणून चमकणारी बाजू बाहेर ठेवून बसवायची सवय असते. पुढच्या पंख्यांना ते चालून जातं. वरच्या किंवा मागच्या पंख्याची चमकणारी बाजू बाहेरून दिसत असेल, तर तो बहुधा हवा आत ओढतोय. उलट्या पात्यांचेही पंखे मिळतात, म्हणून डोळ्यांवर भरवसा न ठेवता अगरबत्ती पेटवा आणि प्रत्येक पंख्याजवळ क्षणभर धरा. धूर कुठे ओढला जातो ते लगेच दिसतं. एक गोष्ट नीट बघा: वरून बाहेर पडणारी हवा समोरच्या फटीकडे परत वळतेय का? मशिन टेबलाच्या कप्प्यात किंवा भिंतीला चिकटून असेल तर हमखास वळते, आणि तीच गरम हवा पुन्हा आत जात राहते.

तुमच्या मांडणीत मी एकच बदल करेन. वरच्या दोनपैकी समोरच्या बाजूचा पंखा काढून टाकेन. पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोहोचण्याआधीच तो ती उपसून बाहेर टाकतो. पुढे तीन आत, मागे एक आणि वर मागच्या बाजूला एक बाहेर, एवढं भरपूर झालं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त राहिली की धूळही फिल्टरमधूनच येते, प्रत्येक फटीतून शिरत नाही. पुढचा सगळ्यात खालचा पंखा कार्डासाठी सर्वांत महत्त्वाचा. त्याच्या मागे एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) वायरींचा गुंता कोंबलेला असेल तर तो आधी मोकळा करा.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात. मदरबोर्डला जोडलेले कॅबिनेटचे पंखे सहसा प्रोसेसरच्या तापमानावर वेग ठरवतात. गेममध्ये तापतं कार्ड, प्रोसेसर मात्र ६० च्या आसपास आरामात असतो, त्यामुळे पंखे निवांत फिरत बसतात. ‘फॅन कंट्रोल’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात पुढच्या पंख्यांचा वेग कार्डाच्या तापमानाला बांधता येतो. तुमचे पंखे मदरबोर्डऐवजी रिमोटवाल्या हबवर (सगळे पंखे एकत्र जोडायच्या डबीवर) असतील तर हे जमणार नाही. तिथे रिमोटनेच वेग वाढवून बघा.

लिक्विड कूलरबद्दल: तो प्रोसेसर गार करतो, आणि तुमची तक्रार कार्डाची आहे. त्यात त्याचा रेडिएटर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) समोर बसवला, तर प्रोसेसरची उष्णता आत येऊन कार्डावरच जाईल. १२४००एफला चांगला टॉवर कूलर (प्रोसेसरवर उभा बसणारा पंख्याचा कूलर) पुरतो, फक्त त्याच्या पंख्याची हवा मागच्या पंख्याकडे जायला हवी.

८४ ला कार्ड जळत नाही, हेही सांगून ठेवतो. एनव्हिडियाने ३०६० साठी कमाल ९३ अंश दिलेले आहेत. पण ८३ च्या आसपास ते स्वतःच वेग कमी करायला लागतं, म्हणून उन्हाळ्यापुरती आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट (कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा) ८५ टक्क्यांवर आणा. उष्णता लगेच घटते, फ्रेम मात्र थोड्याच जातात.

खर्च करायचाच असेल तर जाळीचं तोंड असलेल्या कॅबिनेटवर करा, हेच पंखे त्यात बसतील. तोपर्यंत समोरची काच काढूनच वापरा, पण खोलीतल्या कूलरच्या थेट झोतात मशिन ठेवू नका. त्या दमट हवेनं आतली धूळ चिकट होते आणि ब्लोअरनेही निघत नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा आणि तिन्ही चाचण्यांचे आकडे इथे कमेंटमध्ये टाका, कार्ड उघडायची गरज आहे का ते त्यावरून सांगतो.