टोस्टर घड्याळ पाहतो, ब्रेड नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की आमच्या टोस्टरमधला ब्रेड पांढराच वर येतो. कधी दांडी खाली टिकतच नाही. मशीन बदलावं का? (गृहिणी, लातूर)

उत्तर : आधी बदलू नका. टोस्टरमधल्या तापणाऱ्या तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गानुसार घटते. 230 व्होल्टला 750 वॅट देणारी तार 180 ला जेमतेम 460 वॅट देते, टायमर मात्र तेवढ्याच वेळात ब्रेड वर फेकतो. दांडी धरून ठेवणारं चुंबकही बहुतेक मॉडेलांत त्याच तारेच्या एका तुकड्यावरून चालतं, त्यामुळे तेही ढिलं पडतं. पण दुपारी, पुऱ्या व्होल्टेजलाही दांडी सुटत असेल तर दोष बहुधा चुंबकाजवळ अडकलेल्या चुऱ्याचा. प्लग काढा, टोस्टर गार होऊ द्या, खालचा ट्रे ओढून चुरा झटकून टाका. 1 केव्हीएचा स्टॅबिलायझर पुरतो. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर टोस्टर लावू नका, ओव्हरलोडने ट्रिप होईल.

प्रश्न : शिळ्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे टोस्टरमध्ये चालतील का? (परभणी)

उत्तर : नको. भाकरी मोडते, तुकडा तारेत अडकतो आणि मग काढायला सुरी घातली जाते. अनेक टोस्टरांत स्विच एकच वायर तोडतो. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बंद टोस्टरची तारही जिवंत असते. भाकरीला तवाच बरा.

प्रश्न : पॉलिटेक्निकच्या प्रोजेक्टसाठी टोस्टर सुधारायचा आहे. कमी व्होल्टेजवरही ब्रेड सारखाच भाजावा, एवढंच हवं. मायक्रोकंट्रोलर लागेल का? (विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : लागणार नाही. टायमरला स्थिर सप्लाय द्यायची सवय सोडा, इतकंच. टायमरमध्ये कॅपॅसिटर हळूहळू भरतो आणि ठरलेल्या व्होल्टेजला पोचला की ब्रेड वर येतो. कॅपॅसिटर भरणारा सप्लाय मेन्सबरोबर (घरच्या विजेबरोबर) खाली-वर होऊ द्या आणि दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या कंपॅरेटरचा संदर्भ मात्र 7.5 व्होल्टच्या झेनरवर (व्होल्टेज स्थिर धरणाऱ्या डायोडवर) पक्का ठेवा. छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून 230 ला 12 व्होल्ट डीसी मिळतात असं धरू. 180 ला ते साधारण 9.4 होतात आणि 7.5 पर्यंत पोचायला कॅपॅसिटरला सुमारे 1.6 पट वेळ लागतो. उष्णताही जवळपास तेवढ्याच पटीने घटलेली असते, म्हणून हिशोब जुळतो. मीटर लावून 12 व्होल्ट खरंच येतात का ते आधी बघा. तिथे अर्ध्या-पाऊण व्होल्टची चूक झाली तरी गुणोत्तर बिघडतं.

कॅपॅसिटर 470 मायक्रोफॅरडचा घ्या. त्याला 100 किलोओहमचा रेझिस्टर आणि मालिकेत 220 किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावा. पूर्ण व्होल्टेजला पाऊण ते अडीच मिनिटांची रेंज मिळेल. दांडी वर आली की कॅपॅसिटर 1 किलोओहममधून रिकामा झाला पाहिजे. नाहीतर पुढचा ब्रेड कच्चा निघेल.

खरी गोम पुढे आहे. मेन्स 145 च्या खाली गेली की सप्लायच 7.5 च्या आत येतो, कॅपॅसिटर तिथे कधीच पोचत नाही आणि तार तापतच राहते. कॅपॅसिटर गळका असेल तर हे 145 च्या बऱ्याच आधी होतं, म्हणून जुना काढलेला वापरू नका. कसंही असो, 5 मिनिटांत तारेचा सप्लाय तोडणारा दुसरा, स्वतंत्र टायमर हवाच. तो 5 व्होल्टच्या स्थिर सप्लायवर चालवा. शिवाय मेन्सच्या वाटेत थर्मल फ्यूज (जास्त तापलं की सर्किट तोडणारा) घाला. परीक्षकही पहिल्यांदा हेच विचारतील.

लागोपाठ भाजताना दुसरा घाणा जास्त काळा होण्याची नेहमीची तक्रार या सर्किटने जात नाही, कारण टोस्टर आधीच तापलाय हे त्याला कळत नाही. 100 किलोओहमच्या जागी एनटीसी थर्मिस्टर लावून बघता येईल. कवच तापलं की त्याचा रेझिस्टन्स घटतो आणि वेळ आपोआप कमी होतो. तो तारेपासून दूर, कवचाच्या आतल्या बाजूला बसवा.

आधी सगळं 12 व्होल्टवर, तारेच्या जागी एलईडी लावून तपासा. मेन्स जोडताना शिक्षक समोर हवेत, आणि बाहेरच्या पत्र्याला अर्थिंग पाहिजे. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची वायर कापून काम भागवू नका.