आजीला ६० वर्षांपूर्वीचं लग्न आठवतं आणि सकाळचा चहा आठवत नाही, असं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजी ८१ वर्षांच्या आहेत. स्वतःच्या लग्नात पंगतीला कोण रुसलं होतं इथपर्यंत सगळं सांगतात, पण तासाभरापूर्वी चहा घेतला हे मानायलाच तयार नाहीत. मग आठवण मेंदूत राहते कुठे? आणि जुनी टिकते, नवी जाते, हा उलटा न्याय कसा?

मी सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, पण उत्तर लिहायला बसले ते त्यामुळे नाही. माझी आई ७८ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. तुमच्याकडचा तो चहा आमच्या घरी रोज होतो.

आजी चहा विसरल्या असं आपण म्हणतो. पण विसरायला आधी नोंद तरी व्हायला हवी ना! त्यांच्या मेंदूत तो चहा बहुधा उतरलेलाच नाही. त्यामुळे "नीट आठवून बघ की" म्हणणं म्हणजे न टाकलेलं पत्र पोस्टात शोधायला लावणं. हे समजायला मला दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं मी आईशी नुसती हुज्जत घातली.

नोंद करणाऱ्या भागाचं नाव हिप्पोकॅम्पस. दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर एकेक असतो, साधारण करंगळीएवढा. चहाची चव, कपाची ऊब, समोर कोण बसलं होतं, हे सगळं मेंदूच्या बाहेरच्या थरात वेगवेगळ्या जागी नोंदलं जातं. ते एकत्र बांधून 'सकाळचा चहा' असा एक प्रसंग करायचं काम हिप्पोकॅम्पसचं. पुढे तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवला, सांगितला, की बाहेरच्या थरातल्या त्या जागा आपसातच घट्ट जोडल्या जातात. झोपेत तर मेंदू दिवसभरातलं पुन्हा गिरवतो. वर्षानुवर्षं असं झालं की हिप्पोकॅम्पसची गरज कमी होते. आजींनी लग्नाची पंगत किती वेळा सांगितली असेल, मोजा! अल्झायमर सुरुवातीला घाव घालतो तो याच हिप्पोकॅम्पसवर आणि त्याला लागून असलेल्या भागावर. म्हणून नवं बांधलं जात नाही, पूर्वी बांधलेलं बराच काळ शाबूत राहतं. आधी ताजं जातं, जुनं शेवटी, हे रिबो नावाच्या फ्रेंच माणसाने १८८१ मध्येच लिहून ठेवलंय.

याचा पुरावा मिळाला तो एका शोकांतिकेतून. हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या अमेरिकन तरुणाला फिट्स यायच्या. १९५३ मध्ये ऑपरेशन करून त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला. फिट्स बऱ्याच कमी झाल्या, पण नवीन प्रसंग लक्षात राहणं जवळपास संपलं. बालपण आठवायचं, बोलणं व्यवस्थित, बुद्धी शाबूत. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. (करून बघा, हात भलतीकडेच जातो.) तीन दिवसांत तो त्यात चांगला तरबेज झाला. आणि रोज म्हणायचा, हे मी कधीच केलेलं नाही. म्हणजे हाताची आठवण वेगळी, प्रसंगाची वेगळी.

हे मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवलं. पटलं ते घरी.

आईने ३५ वर्षं विड्या वळल्या. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी ती फार अस्वस्थ होती, घरभर फिरत होती. मी तिच्यापुढे वर्तमानपत्र टाकलं, म्हटलं चित्रं तरी बघेल. तिने शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि कागदाचे तुकडे कापायला लागली. सगळे एका मापाचे, पूर्वी पत्र्याचा साचा ठेवून पान कापायची तसे. मग एकेक तुकडा डाव्या हातात धरून, त्यात नसलेली तंबाखू भरून, दोन्ही अंगठ्यांनी वळून, वरचं तोंड नखाने दुमडून, दोऱ्याचे वेढे. पंचवीस झाल्या की जुडी. मोजत होती चक्क तेलुगूत: ओकटि, रेंडु, मूडु. आम्ही मराठीच बोलतो घरात. पण कारखान्यात तिच्या शेजारी बसणाऱ्या सगळ्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या बायका, त्यांच्या तोंडून ते आकडे तिच्या हातात गेले असावेत. एक विडी तिला सैल वाटली, ती बाजूला काढली. छाट, म्हणजे नापास विडी! कारखान्यात मोजून देताना छाट निघाली की पैसे कापायचे, ती धास्तीसुद्धा शाबूत. मी कोण हे मात्र त्या दुपारी तिला सांगता आलं नाही.

ही हातांची विद्या सांभाळतात मेंदूच्या खोलातले बेसल गँग्लिया आणि मागच्या बाजूचा लहान मेंदू. अल्झायमर तिथे उशिरा पोचतो.

आता जोडणी 'घट्ट होते' म्हणजे काय? दोन चेतापेशींच्या मध्ये बारीकशी फट असते. त्या वारंवार एकत्र पेटल्या की त्या फटीतून निरोप जास्त जोरात जायला लागतो. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसवर केलेल्या प्रयोगात हे दाखवलं. एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगायीवर काम करून दाखवलं की थोडा वेळ टिकणाऱ्या आठवणीला आधीची प्रथिनं पुरतात, दिवसेंदिवस टिकायची असेल तर पेशीला नवी बनवावी लागतात. २००० सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आजींच्या पंगतीबद्दल एक सावधगिरी. ती गोष्ट जशी त्या सांगतात तशीच घडली असेल असं धरून चालू नका. त्यांचंच नव्हे, कुणाचंच. उंदरांवरच्या प्रयोगांत २००० साली दिसलं की आठवण जागी केली की ती काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते. त्या मधल्या वेळात तिच्यात भेसळ होऊ शकते. मी लहानपणी सिद्धेश्वरच्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या जत्रेत, होम मैदानावर हरवले होते. आकाशपाळण्याखाली उभी राहून रडत होते, हातात बत्तासे, हे मला लख्ख दिसतं. माझा भाऊ म्हणतो, हरवलो होतो मी, तू तर बाबांच्या खांद्यावर होतीस. आई सांगू शकली असती. आता तो निकाल लागायचा नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, आजी गेलेल्या आजोबांची वाट बघतात तेव्हा खरं सांगावं का? मी सांगत नाही. आई विचारते, "भोंगा झाला का गं?" मिलचा भोंगा बंद पडून किती वर्षं झाली. मी म्हणते, अजून वेळ आहे, चहा घे. दर वेळी खरं सांगितलं तर दुःख दर वेळी नवं कोरं होतं, आणि माहिती मात्र टिकत नाही.

आणि अजून डॉक्टरांना दाखवलं नसेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, ऐकू नीट येतं का बघा, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर तसं सांगा. यातल्या काही कारणांनी होणारा विसराळूपणा बराच सुधारतो. जमलं तर पंगतीची गोष्ट या आठवड्यातच मोबाइलवर रेकॉर्ड करा. रुसलेल्या पाहुण्याचं नाव विचारून घ्या.