कुळागरात हॅमॉक, सोबत सीपॅप: जमेल का?

गोव्यात वाळपईजवळ मित्राचं कुळागर (पोफळीची बाग), डिसेंबरातल्या दोन रात्री हॅमॉकमध्ये (झाडांना बांधलेल्या झोळीत), सोबत सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून नळी-मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन), वीज नाही, आणि जमलं तर पुढे मनालीलाही हेच करायचंय, असं तुम्ही विचारलंय. जमतं. मी स्वतः सीपॅप लावून सत्तरी तालुक्यात असा झोपलोय.

थंडीची धास्ती नको. आपल्याकडची थंडी ती केवढी! छळतं ते पाणी. पहाटे दंव असं पडतं की वर ताडपत्री नसेल तर पांघरूण पिळून काढावं लागतं. त्यात ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी मशीनची पाण्याची टाकी) चालू असेल तर कोमट, दमट हवा गार नळीतून येताना आतल्या आत थेंब धरते. मग मास्कमध्ये गुडगुड आणि ऐन झोपेत नाकावर पाणी. म्हणून तिथे ह्युमिडिफायर बंद आणि टाकी रिकामी ठेवा. गोव्याची हवा मुळातच दमट, नाक सहसा कोरडं पडत नाही. पडतच असेल आणि ह्युमिडिफायर लावावाच लागला तर नळीला कापडी खोळ घाला, ती पांघरुणाखालून आणा आणि मशीन डोक्यापेक्षा खालीच ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी तोंडाकडे येणार नाही.

मशीन हॅमॉकमध्ये घेऊ नका. खाली उलट्या क्रेटवर ठेवा, हवा आत घेण्याची जाळी पालापाचोळ्यापासून लांब. तांबड्या मुंग्या आधी बघून घ्या. ह्युमिडिफायर बंद असेल तर नळी वरच्या दोरीला वेल्क्रोने अडकवा आणि कुशीवर वळता येईल इतका झोल सोडा. हॅमॉकमध्ये तिरकं झोपा. सरळ झोपलात तर हनुवटी छातीला टेकते, मग मशीन असून घोरणं सुरूच. पाठीला गारवा लागतो, कारण अंगाखालचं पांघरूण दबून जातं. रजई हॅमॉकच्या बाहेरून, खालून बांधा. आणि झाड फणसाचं बघा. पोफळ बारीक, माडाखाली तर नकोच!

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. मशीन सरासरी 12 वॉट खात असेल तर आठ तासांना 96 वॉट-तास. 20,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे जेमतेम 74. ह्युमिडिफायर आणि गरम नळी चालू केलीत तर मशीनचा खप कित्येक पटींनी वाढतो. इन्व्हर्टर लावू नका, त्यात फुकट वीज जाते. मशीन थेट बॅटरीला जोडणारी डीसी केबल घ्या. व्होल्ट मात्र तपासा, रेसमेड कंपनीचं एअरसेन्स 10 हे मशीन चोवीस व्होल्टचं आहे. घरी आधी एक रात्र बॅटरीवर काढून बघा.

मनालीचं गणित वेगळं. गारठ्यात लिथियम बॅटरी लवकर उतरते, तेव्हा ती कुशीत घेऊन झोपा. शून्याखाली चार्ज तर करूच नका. एअरसेन्स 10 पाच अंशांच्या खाली वापरायचं नसतं, म्हणजे तिथे खोलीच बरी. मोपा विमानतळावरून जाताना बॅटरी हातातल्या सामानातच ठेवा. 100 वॉट-तासांच्या वर विमान कंपनीची परवानगी लागते, 160 च्या वर नेताच येत नाही. म्हणून एक मोठी घेण्यापेक्षा शंभरच्या आतल्या दोन घ्या.