डॉक्टर मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत

प्रश्न : सुदामा नगर भागात आमचं ३० बेडचं नर्सिंग होम आहे. ड्युटी डॉक्टरची जाहिरात वर्षभर चालूच असते, पगारही वाढवून बघितला, पण एमबीबीएस झालेली मुलं येतात आणि काही महिन्यांत निघून जातात. बीएचएमएसवाले (होमिओपॅथीचे डॉक्टर) टिकतात, तर रात्रपाळी त्यांच्याकडेच द्यावी का?
– एक डॉक्टर दांपत्य, इंदूर

उत्तर : हॉस्पिटलसाठी डॉक्टर शोधणं हेच माझं काम, त्यामुळे तुमची ओढाताण समजते. पण ही मुलं पगारासाठी सोडून जातच नाहीत हो, ती पीजीसाठी, म्हणजे एमडी-एमएससारख्या पुढच्या शिक्षणासाठी जातात. तुमच्याकडे ड्युटी करताना त्यांचा अर्धा जीव भंवरकुआं भागातल्या अभ्यासाच्या लायब्ररीत असतो, आणि परीक्षेची तारीख तरी धड असते का, २०२४ ची नीट पीजी, म्हणजे पीजीची प्रवेश परीक्षा, २३ जूनला होती, आदल्या रात्री पुढे ढकलली आणि झाली ती ११ ऑगस्टला, वर नंतर काउन्सेलिंगचे राउंड वेगळेच. मग तो मुलगा कधी जाणार हे तुम्हाला आधी सांगेल तरी कसं? पहिल्याच भेटीत सरळ विचारा, पीजीची तयारी करतोयस का. हो म्हणाला तरी घ्या. एका जागेवर एकच माणूस अडकवण्यापेक्षा दोघं-तिघं ठेवा, ड्युट्या वाटून द्या आणि परीक्षेआधीची सुट्टी सुरुवातीलाच लेखी कबूल करा, बघा किती फरक पडतो ते.

दुसरं म्हणजे रात्र. इंटरव्ह्यूला आलेली मुलं पगाराचं झालं की लगेच विचारतात, "मॅडम, रात्री सोबत कोण असतं?" रात्री दोनला अ‍ॅक्सिडेंटची केस येते, पेशंटबरोबर पंधरा नातेवाईक, खाली एकटा आरएमओ (ड्युटी डॉक्टर) आणि एक सिस्टर, गार्ड तिकडे गेटवर, आणि कन्सल्टंटचा फोन नुसता वाजतोय. असं एकदा झालं की सकाळपर्यंत ती गोष्ट बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचते, मग जाहिरात कितीही द्या, कोणी फिरकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, तेव्हापासून तर काही मुलींचे आईवडील स्वतः ड्युटी रूम बघायला येतात, आणि त्यांचं अगदी बरोबर आहे. आतून नीट लागणारी कडी, वेगळं बाथरूम, कॅज्युअल्टीपाशी गार्ड, आणि रात्री फोन उचलणारा कन्सल्टंट, एवढं आधी करा, पगाराचं नंतर बघू.

बीएचएमएसचं मात्र मनातून काढून टाका. १९९६ साली पूनम वर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की होमिओपॅथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा. त्यांच्या शिक्षणाला मी कमी लेखत नाहीये, पण रात्री छातीत दुखणारा पेशंट आला तर तो डॉक्टर आणि तुम्ही दोघंही अडकाल, आणि त्या पेशंटचं काय?

प्रश्न : माझी होणारी सून पुण्याची, एमडी मेडिसिन झालीय. इंदूरच्या एका हॉस्पिटलची ऑफर आहे पण ते ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करा म्हणतात आणि दोन वर्षांचा बॉन्डही आहे.
– एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : ताई, ओरिजिनल कागद कोणाच्याही कपाटात ठेवू देऊ नका. दाखवायचे, त्यांनी तपासायचे, कॉपी ठेवायची, बस्स. बॉन्डमध्ये सोडल्यावर किती पैसे भरायचे ते नीट वाचा. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच मागता येते, कागदावर लिहिलेली पूर्ण रक्कम आपोआप मिळते असं नाही, तरी सही करायच्या आधी वकिलाला दाखवाच. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, तिची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलची असणार, इथे काम करायचं तर तिकडची एनओसी (ना हरकत पत्र) घेऊन भोपाळला मध्य प्रदेशच्या काउन्सिलमध्ये नोंदणी हवी, आणि एमबीबीएसबरोबर एमडीही त्यात चढवलेली हवी. याला वेळ लागतो, म्हणून लग्नाच्या गडबडीआधीच अर्ज करून टाका, नाहीतर नोकरी हातात असून घरी बसायची पाळी येते.

प्रश्न : झाबुआकडे आमच्या ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल आहे, गायनॅक (स्त्रीरोगतज्ज्ञ) काही केल्या मिळत नाही.
– एक ट्रस्टी, रामबाग

उत्तर : काका, एकट्या गायनॅकला बोलवून ती सिझेरियन करणार कशी, भूल कोण देणार? ती तुमच्याकडे येण्याआधी हाच विचार करते. म्हणून जोडपं शोधा, एक गायनॅक आणि एक अ‍ॅनेस्थेटिस्ट, अशी नवरा-बायको असतात बरीच. जाहिरातीत राहायचं घर कसं आहे, मुलांची शाळा किती लांब आणि रक्त कुठून आणावं लागतं हे तिन्ही लिहा, लपवू नका. असं जोडपं मिळेपर्यंत इंदूरहून आठवड्याचे ठरलेले दोन दिवस दोघांना गाडी पाठवून आणा, ओपीडी आणि ठरवून करायची ऑपरेशनं तेवढ्यात होतील. रात्रीच्या अडलेल्या केससाठी मात्र अ‍ॅम्ब्युलन्स आणि जिल्हा हॉस्पिटलशी बोलणी आजच करून ठेवा.