एम्प्रेस गार्डनला पहिल्यांदा स्टॉल लावतेयस ना?

अगं, चित्रं किती न्यायची ते नंतर बघू, आधी दवाचा विचार कर. पुण्यातलं एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत, २६ तारखेच्या आगेमागे असतं. झाडांखाली सकाळी टेबलावरची चादर पिळावी इतकी ओली असते. तुझी वारली चित्रं गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेली. माझं असंच एक तारपा नाचाचं चित्र पहिल्या वर्षी रात्रभर उघडं राहिलं आणि सकाळी नाचणाऱ्यांचे पायच वाहून गेले होते! तेव्हा रोज संध्याकाळी सगळं झाकणाच्या पेटीत.

लोक येतात फुलं बघायला. म्हणून फ्रेमा मागे टांग, पुढे रंगवलेल्या छोट्या कुंड्या मांड. कुंडीला तळाशी भोक हवंच. बागेचा नाद असलेलं गिऱ्हाईक आधी ती पालथी करून बघतं. आतून वॉटरप्रूफ रंगाचा हात दे, नाहीतर पाणी झिरपून बाहेरच्या नक्षीचे पोपडे निघतात.

किंमत चिठ्ठीवर लिही. तोंडी सांगितलीस की समोरचा लगेच निम्म्यावर येतो. क्यूआर कोड असला तरी सुट्टे ठेव, गर्दीत रेंज जाते. आणि डबा घरूनच ने, एकटीला स्टॉल सोडून जेवायला जाता येत नाही.