कृष्णविवर: यात कृष्ण कुठला आणि विवर कसलं?

प्रश्न असा आलाय की 'कृष्णविवर' (इंग्रजीत 'ब्लॅक होल') या शब्दातला कृष्ण म्हणजे आपला श्रीकृष्ण का, शब्द जोडून लिहायचा की तोडून, आणि विवर म्हणजे भोक असेल तर तारा मेल्यावर आकाशाला भोक पडतं असं समजायचं का.

पहिल्या दोन गोष्टी पटकन उरकतो. कृष्ण इथे विशेषण आहे, अर्थ काळा, कृष्णपक्षात आणि कृष्णमृगात आहे तोच. देवाचा काही संबंध नाही, विश्वरूपदर्शनाशी जोडणारे जे मेसेज फिरतात त्यांना या शब्दात कसलाही आधार नाही. उलट खरी गंमत अशी की रशियन लोक ज्याला 'चोर्नाया दिरा' म्हणतात त्यातला 'चोर्नाया' हा आपल्या 'कृष्ण'चा सख्खा भाऊबंद आहे, दोघांचं मूळ एकच. समास आहे म्हणून जोडून लिहायचं, नपुंसकलिंगी, ते कृष्णविवर, ती कृष्णविवरं. झालं.

आता विवराकडे येतो, कारण माझं डोकं फिरतं ते तिथे. बातम्यांमध्ये, व्हिडिओंमध्ये, अगदी शिकवताना सुद्धा लोक सर्रास 'कृष्णविवर म्हणजे अंतराळातली पोकळी' असं म्हणतात. पोकळी! पोकळी म्हणजे जिथे काही नाही ती जागा. इथे तर आख्ख्या ताऱ्याचा गाभा आत गेलेला आहे, त्याचं वस्तुमान जसंच्या तसं शाबूत आहे आणि त्या वस्तुमानाशिवाय कृष्णविवर ही चीजच नसते, त्याला पोकळी म्हणणं म्हणजे अर्थाचा सरळसरळ उलटा प्रवास आहे. 'पोकळी' हा शब्द या विषयातून हद्दपार झाला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तारा मरतो म्हणजे काय होतं ते नीट बघितलं की शब्दाचं आपोआप कळेल. तारा जन्मभर एकच काम करत असतो, स्वतःला सावरत असतो. गुरुत्वाकर्षण त्याला आत दाबतं, आणि गाभ्यात अणुकेंद्रांचं मीलन होऊन जी उष्णता निघते तिचा दाब त्याला बाहेर रेटतो. इंधन आहे तोवर तोल राहतो. सूर्याच्या साधारण २५ पट वस्तुमानाचा तारा घेतला तर त्याला हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षं पुरतो, हेलियम त्याच्या दहाव्या हिश्शाइतका काळ, कार्बन काही शे वर्षं, निऑन साधारण वर्षभर, ऑक्सिजन काही महिने आणि शेवटचं सिलिकॉन एखादा दिवस! लाखो वर्षांचा संसार आणि शेवटचा टप्पा एका दिवसाचा. सिलिकॉन जळून गाभ्यात लोखंड जमतं आणि तिथे गाडी अडते, कारण लोखंडाच्या अणुकेंद्रांचं मीलन करून ऊर्जा मिळत नाही, उलट द्यावी लागते. लोखंडी गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पट झालं की इलेक्ट्रॉनांचा दाबही त्याला पेलत नाही आणि गाभा खचतो. (खचतो हाच शब्द बरोबर आहे, जमीन खचते तसा. 'फुटतो' म्हणू नका, फुटतं ते बाहेरचं.) हे खचणं एका सेकंदाच्या आत उरकतं. पृथ्वीएवढ्या आकाराचा गाभा जेमतेम काही दहा-वीस किलोमीटरचा होतो, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दाबले जाऊन न्यूट्रॉन होतात, न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा लोंढा सुटतो, आणि बाहेरची आवरणं उधळली गेली तर आपल्याला अतिनवतारा (सुपरनोव्हा) दिसतो.

आत न्यूट्रॉन तारा उरला तर तो असतो सुमारे २० किलोमीटर रुंदीचा. पण आत उरलेलं वस्तुमान सूर्याच्या दोन-तीन पटींच्या वर गेलं की न्यूट्रॉनांनाही ते पेलत नाही, आणि त्यापुढे सावरणारं कुठलंच बळ आपल्याला माहीत नाही. गुरुत्वाकर्षण अनावर होतं आणि कृष्णविवर बनतं. काही ताऱ्यांच्या बाबतीत तर बाहेरचं नीट उधळतही नाही, बरंचसं परत आतच येऊन पडतं. आपला सूर्य यातल्या कशातच बसत नाही, तो हलका आहे, अजून सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगेल आणि मग श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा लहानसा गाभा, होऊन निवत जाईल. हे १.४ पटींचं गणित खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं, १९३० साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर एकोणीस वर्षांच्या मुलाने मांडायला घेतलेलं. १९३५ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत एडिंग्टनसारख्या दिग्गजाने त्याची जाहीर खिल्ली उडवली, आणि नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. श्वेतबटूंसाठी काढलेली मर्यादा, पण खचणाऱ्या लोखंडी गाभ्यालाही तीच लागू पडते.

मी वर 'सावरणं', 'आवरणं' आणि 'अनावर' हे शब्द मुद्दाम वापरलेत. आता बघा! संस्कृतात वृ असा एक धातू आहे, अर्थ झाकणे, वेढणे, अडवणे. त्याला आ लावला की आवरण, त्यावरून आपलं आवरणे, आणि जे आवरत नाही ते अनावर. सम् लावला की संवरण, त्यावरून आपलं सावरणे. नि लावून निवारण. आणि वि लावला की अर्थ उलटतो, झाकलेलं उघडणे. म्हणून विवरण म्हणजे अर्थ उघडून दाखवणे, आणि म्हणूनच विवर म्हणजे उघडलेली जागा, तोंड, भोक, बीळ. संस्कृत व्याकरणात स्वरांना संवृत आणि विवृत म्हणतात, तोंड मिटतं का उघडतं त्यावरून, तीही याच घरातली जोडी. शब्दकोश 'विवर = भोक, बीळ, खड्डा' एवढं लिहून मोकळे होतात आणि शेजारीच असलेल्या 'विवरण'शी त्याचं नातं आहे हे वाचकाला सांगत नाहीत, याचा मला खरोखर राग येतो, कारण अर्थाची किल्ली तिथेच आहे.

आणि या धातूचं सगळ्यात देखणं पोर म्हणजे वृत्र. इंद्राने मारलेला तोच वृत्र, पाणी अडवून बसलेला. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, या नावासाठी तीन धातू पुढे केलेत, झाकणारा, असणारा, वाढणारा. मला पहिलाच पटतो आणि बाकीचे दोन यास्काने नुसते भर म्हणून दिलेत असं माझं म्हणणं आहे, मग कुणी कितीही वाद घालो. कारण ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या ३२व्या सूक्तात सरळ म्हटलंय, 'अपां बिलमपिहितं यदासीद् वृत्रं जघन्वाँ अप तद्ववार', पाण्याचं जे बीळ झाकलेलं होतं ते इंद्राने वृत्राला मारून उघडलं. एकाच ओळीत बीळ आहे, झाकणारा वृत्र आहे आणि उघडण्याचं क्रियापद त्याच वृ धातूचं आहे. झाकणं आणि उघडणं एकाच मुळातून येतं हे त्या कवीला ऐकू येत होतं. (यावरून वेदांत कृष्णविवरं होती असं कृपया कुणी लिहू नका. मी शब्दाबद्दल बोलतोय.)

मग अडचण लक्षात आली का? विवर म्हणजे उघडलेलं. आणि ही वस्तू विश्वातली सगळ्यात बंद वस्तू आहे! तिच्याभोवती घटनाक्षितिज नावाची सीमा असते, त्याच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही, म्हणजे आतली बातमीच बाहेर येत नाही. जिचं विवरण कधीच मिळणार नाही तिला आपण विवर म्हणतो. त्यात आणखी घोटाळा असा की चंद्रावरच्या खळग्यांनाही आपण विवरंच म्हणतो आणि उल्का आदळून पडलेल्या खड्ड्यालाही, त्यामुळे शिकणारं पोर साहजिकच समजतं की हाही कसला तरी काळा खड्डा असणार. आकाशाला भोक पडतं का हा प्रश्न विचारणाऱ्याचा दोष नाही, शब्दाने त्याला तिकडे ढकललंय.

आता इंग्रजीतून हे 'होल' कुठून आलं. ठिकठिकाणी लिहिलेलं असतं की जॉन व्हीलर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९६७ साली हा शब्द शोधून काढला. चूक. जानेवारी १९६४ मध्ये तो छापून आला होता, ॲन युइंग या पत्रकार बाईंच्या लेखात. व्हीलर स्वतः सांगायचे की भाषणाच्या वेळी श्रोत्यांतून कुणीतरी तो सुचवला, त्यांनी उचलला आणि रूढ केला. रूढ करणं वेगळं, घडवणं वेगळं. एवढा साधा फरक मोठमोठ्या पुस्तकांना पाळता येत नाही.

त्याआधीचा धागा मला जास्त आवडतो. प्रिन्स्टनचे रॉबर्ट डिकी १९६०च्या सुमाराला अशा खचलेल्या ताऱ्यांना कलकत्त्याच्या 'ब्लॅक होल'ची उपमा द्यायचे असं त्या काळातल्या शास्त्रज्ञांच्या आठवणींत येतं. १७५६ साली फोर्ट विल्यममध्ये कैदी कोंबले होते ती खोली. आत गेलेला बाहेर येत नाही, म्हणून उपमा. आणि ती खोली म्हणजे भोक होतं का? नाही! लष्करी बोलीत छावणीतल्या कोठडीला 'ब्लॅक होल' म्हणायचे. म्हणजे हा धागा खरा धरला तर त्या 'होल'चा अर्थ कोठडी. भिंती असलेली, बाहेरून बंद. मराठीत अंधारकोठडी आहे, काळकोठडी आहे, शब्द तयार होते आणि आपण मात्र 'होल' बघून विवर केलं!

माझं तर म्हणणं आहे की काळकोठडी हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षाही सरस ठरला असता. संस्कृतात काळा या अर्थाचा काल आणि समय या अर्थाचा काल हे वेगळे धरतात, पण मराठीच्या कानाला काळ म्हणजे काळोखही, समयही आणि मृत्यूही. तिन्ही इथे लागू पडतात. रंग काळा. तारा मेलेला. आणि समयाचं म्हणाल तर लांबून बघणाऱ्याला आत पडणारी वस्तू घटनाक्षितिजाजवळ जाता जाता मंद मंद होत थबकल्यासारखी दिसते, तिचं घड्याळच थांबल्यासारखं. सोव्हिएत शास्त्रज्ञ पूर्वी याच कारणाने 'गोठलेला तारा' म्हणायचे, आणि फ्रेंचमध्ये 'मिटलेला तारा' अशा अर्थाचा शब्द चालायचा. जॉन मिचेलने तर १७८३ सालीच, प्रकाशही निसटणार नाही इतक्या जड ताऱ्यांची कल्पना मांडली होती. बघा, तारा, तारा, तारा. भोक कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो की अवकाश वाकतं आणि चित्रात ते नरसाळ्यासारखं खाली जातं, मग विवर काय वाईट. ते चित्र ही समजुतीसाठी केलेली सोय आहे. त्यात एक मिती कमी केलेली असते, आणि त्यातलं 'खाली' खऱ्या अवकाशात कुठेच नसतं. कृष्णविवर सगळ्या बाजूंनी गोल असतं, कुठूनही गेलात तरी समोर तोच काळा गोल. १० एप्रिल २०१९ ला एम ८७ दीर्घिकेतल्या (गॅलेक्सीतल्या) कृष्णविवराची जी प्रतिमा प्रसिद्ध झाली तिच्यातही तेच, तेजस्वी कडं आणि मध्ये काळी सावली. त्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट (असलं धूड एका ताऱ्यातून होत नाही, ती वेगळी गोष्ट). साध्या गोलाच्या हिशेबाने त्याच्या क्षितिजाच्या आतली सरासरी घनता काढली तर ती आपल्या हवेपेक्षाही कमी भरते! म्हणजे 'भयंकर घन वस्तू' ही व्याख्याही पुरत नाही. झाकलं जाणं, मिटणं, हाच खरा मुद्दा आहे, पुन्हा आपला वृ धातू.

शब्द बदला असं मी म्हणत नाहीये. कृष्णविवर मुरलेला शब्द आहे, १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवलेल्या कथेचं नावच ते होतं, आता तो राहणार आणि राहावा. पण त्याच्यासोबत येणारी क्रियापदं तरी जपून वापरा. 'ओढून घेतं', 'गिळत सुटतं', 'तावडीत सापडलं की संपलं' हे सगळं त्या भोकाच्या कल्पनेतून आलेलं आहे. सूर्याच्या जागी सूर्याएवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, म्हणजे जेमतेम ३ किलोमीटर त्रिज्येचं, तर पृथ्वी गोठेल, पण कक्षा सोडणार नाही. आणि हे नुसतं कागदावरचं नाही. २०२२ साली भुजंगधारी तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या साडेनऊ पटींहून थोडं जास्त भरणारं एक कृष्णविवर सापडलं, गाया बीएच १. त्याच्याभोवती एक सूर्यासारखा तारा फिरतोय. गिळला गेलेला नाही, ओढला गेलेला नाही, १८५ दिवसांत एक प्रदक्षिणा पुरी करतो आणि पुढचीला लागतो.